काले गावचा दसरा

आज विजयादशमी. काल खंडेनवमीला पिंपरी-चिंचवडपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरापर्यंत लेथ, ड्रिल आणि प्रेस पुसून लख्ख झाले, त्यांना झेंडूच्या माळा चढल्या, शेडमध्ये पेढे वाटले गेले. आज सोने लुटायचे. याच तिथीला, १९१९ साली, कऱ्हाडजवळच्या काले या गावी सत्यशोधक मंडळींची परिषद भरली होती आणि तेथे भाऊराव पाटील नावाच्या बत्तीस वर्षांच्या माणसाने रयतेच्या मुलांसाठी शिक्षणसंस्था काढण्याचा संकल्प सोडला. इंग्रजी तारीख होती ४ ऑक्टोबर. त्या संकल्पातून उभ्या राहिलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत. संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून वाढलेल्या लाखो माणसांना ही गोष्ट पाठ आहे: काले, दसरा, सत्यशोधक, वटवृक्ष. संस्था एखादी गोष्ट इतक्या निष्ठेने का सांगत राहते, त्या सांगण्याने संस्थेचे काय होते आणि त्या गोष्टीत कोण राहून जाते, याचा विचार करायला आजच्यासारखा दिवस नाही.

संस्था आणि कारखाने कसे चालतात याचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकात सुरू झाला तेव्हा त्याला कथांशी काही घेणे नव्हते. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी कामाचे तुकडे पाडून त्यांना घड्याळ लावले. जर्मनीत मॅक्स वेबर यांनी नोकरशाहीचे नियम, अधिकार आणि पायऱ्या उलगडून दाखवल्या. संघटना म्हणजे हेतू, रचना आणि कार्यक्षमता; मिथके, विधी आणि प्रतीके ही दूरच्या बेटांवर जाणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञांची सामग्री, अशी वाटणी बराच काळ टिकली. ती मोडली १९७०च्या दशकात. ती मोडण्याची सुरुवात मात्र कारखान्यातून झाली नाही, विद्यालयांतून झाली, आणि आपल्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे. बर्टन क्लार्क यांनी १९७२ साली संस्थांच्या ‘गाथे’वर निबंध लिहिला तो तीन अमेरिकन महाविद्यालयांच्या आधारे. अँड्र्यू पेटिग्र्यू यांनी १९७९ साली संघटनांच्या संस्कृतीचा अभ्यास प्रतीक, भाषा, विधी आणि मिथक यांच्या अंगाने करायला हवा असे मांडले, ते ब्रिटनमधील एका निवासी शाळेच्या अभ्यासातून. मधल्या काळात, १९७७ साली, जॉन मेयर आणि ब्रायन रोवन यांनी संघटनेची औपचारिक रचना हीच मुळात मिथक आणि समारंभ असते असे म्हटले. तेही शाळांचाच अभ्यास करणारे. शाळेत माल तयार होऊन बाहेर पडत नाही. शिकवण्याचे फळ मोजता येत नाही, निदान लगेच तरी नाही. म्हणून शाळा कशाच्या बळावर उभी आहे हा प्रश्न तेथे उघडा पडतो.

क्लार्क यांच्या तीन महाविद्यालयांपैकी ओहायो राज्यातल्या यलो स्प्रिंग्ज गावचे अँटिऑक आपल्या वाचकांनी मुद्दाम ओळखून घ्यावे असे आहे. १८५३मध्ये थोर शिक्षणसुधारक होरेस मान त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे ते रखडले. १९२०मध्ये आर्थर मॉर्गन या पूरनियंत्रणाचे काम केलेल्या अभियंत्याकडे त्याची सूत्रे आली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी काही काळ वर्गात व काही काळ प्रत्यक्ष नोकरीत अशी पद्धत सुरू केली. काम करत शिकायचे, शिकत काम करायचे. क्लार्क सांगतात ते असे: एखादा झपाटलेला माणूस अडचणीतल्या किंवा अगदी नव्या संस्थेत एक ध्यास आणतो, पण गाथा पुरी होते ती त्याच्यामुळे नव्हे. पहिल्या शिक्षकांचा एक गट तो ध्यास आपला मानतो, अभ्यासक्रमात त्याच्या खुणा उमटतात, विद्यार्थी एकमेकांना तो शिकवतात, बाहेर पडलेले माजी विद्यार्थी त्याची राखण करतात. मग ती हकिकत सांगता सांगता थोडी सजते, आणि संस्था नुसती नोकरीची जागा न राहता माणसांची जिवाभावाची गोष्ट होते. अँटिऑकने याचा पुरावा पुढे फार वेगळ्या रीतीने दिला. पैशाअभावी २००८मध्ये ते महाविद्यालय बंद पडले, आणि माजी विद्यार्थ्यांनी ते सोडवून घेऊन २०११मध्ये पुन्हा उघडले. इमारतीवर किंवा पदवीवर कोणी इतका जीव लावत नाही.

हेच मॉर्गन १९४८-४९मध्ये विद्यापीठ शिक्षणाविषयीच्या राधाकृष्णन आयोगाचे सदस्य म्हणून भारतात आले होते, आणि त्या आयोगाच्या अहवालातील ग्रामीण विद्यापीठांच्या विचारात त्यांचा मोठा वाटा होता. अँटिऑकची गाथा आणि आपल्याकडचा रयतेचा ‘कमवा आणि शिका’ उपक्रम यांच्या काळात फार अंतर नाही. कोणी कोणाचे पाहून केले असे म्हणायला आधार नाही. दोन दूरच्या मुलखांत एकाच विचाराला अंकुर फुटले, एवढेच म्हणता येते.

रयतेची गाथा क्लार्क यांच्या चौकटीत बसवायला गेले तर ती चौकट अपुरी पडावी, इतकी समृद्ध आहे. कोल्हापुरात विद्यार्थी असताना भाऊरावांनी अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला हजेरी लावली, परतल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला आणि त्यापायी त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले, अशी हकिकत सांगितली जाते. ती संस्थेच्या जन्माआधीची आहे, तरी संस्थेच्या प्रत्येक इतिहासात ती पहिल्या प्रकरणात येते. पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आणि ओगल्यांच्या काचमालाच्या प्रचारासाठी गावोगाव हिंडताना त्यांनी शेतकऱ्याचे घर आतून पाहिले. १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघाले. १९२७मध्ये गांधीजींनी ते पाहिले आणि त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. तेथे महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळी मुले एकत्र रांधत आणि एका पंगतीत जेवत. विधी या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर पूजा येते. पण संघटनांचे अभ्यासक ज्याला विधी म्हणतात तो हाच, रोज दोन वेळा होणारा आणि एकही मंत्र नसलेला. ज्या मुलाने चार वर्षे त्या पंगतीत भाकरी खाल्ली त्याला समतेवर व्याख्यान द्यावे लागले नसेल. १९४८मध्ये सरकारने अनुदान थांबवले तेव्हा लोकांनी संस्था सावरून धरली, तीही या पंगतीची गोष्ट लोकांपर्यंत पोहोचलेली होती म्हणून.

आणि भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. भाऊराव गावाला गेलेले, वसतिगृहात दाणा नाही, मुले उपाशी. घरातले दागिने एकेक करत आधीच गेलेले. त्या माउलीने गळ्यातले मंगळसूत्र दिले आणि मुलांना जेवू घातले. सधन, सोवळ्यातल्या जैन घरातून आलेल्या स्त्रीने हे करणे म्हणजे काय, हे त्या काळचे ग्रामीण घर ज्यांनी ऐकून-वाचून तरी अनुभवले आहे त्यांना सांगायला नको. १९३०मध्ये त्या गेल्या. रयतेच्या शाळेत ही गोष्ट सांगताना शिक्षकाचा आवाज जड होतो तो खोटा नसतो.

या कथांकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहणे म्हणजे त्यांचा अपमान, असे ज्यांना वाटते त्यांनी जोआन मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८३चा निबंध पाहावा. त्यांच्या ध्यानात आले की प्रत्येक कंपनी आपली म्हणून जी खास गोष्ट सांगते ती जवळजवळ त्याच रूपात दुसरीकडेही सांगितली जाते. आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन धाकटे यांना योग्य बिल्ला नाही म्हणून एका तरुण पहारेकरणीने दारात अडवले, आणि त्यांनी निमूटपणे बिल्ला मागवून घेतला. रेव्हलॉनचे चार्ल्स रेव्हसन यांना हजेरीचा कागद नेऊ देण्यास नव्या स्वागतिकेने नकार दिला, आणि त्यांनी तिला त्याच दिवशी नोकरीवरून काढले. गोष्ट एक, शेवट दोन. मालक नियम मोडतो तेव्हा काय होते, लहान माणूस वर चढू शकतो का, साहेब माणूस आहे का, हे प्रश्न प्रत्येक नोकरदाराच्या मनात असतात. म्हणून गोष्टी सारख्या होतात. आपल्याकडेही धोंडो केशव कर्वे हिंगण्याच्या झोपडीतून फर्ग्युसनपर्यंत पायी जात-येत, तळेगावच्या काच कारखान्यामागे एकेका पैशाने जमवलेला पैसा फंड होता, आणि भाऊराव अनवाणी हिंडत. पायपीट, फुटक्या कवडीचा हिशेब आणि घरातल्या स्त्रीचे सोने. महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या संस्थांच्या कथा या तीन गोष्टींभोवती फिरतात. त्यामुळे त्यांचे मोल कमी होत नाही. या समाजाला संस्थेकडून काय हवे होते ते त्यांतून कळते: चालवणारा आपल्यासारखा असावा, त्याने आपला पैसा खाऊ नये, आणि त्याने आधी स्वतःचे घर मोडलेले असावे.

पण गाथा जिवंत राहते तशी ती वाळूनही जाते, आणि आज चिंता वाटावी अशी बाब ही आहे. मेयर आणि रोवन यांनी १९७७मध्ये जे सांगितले ते आपल्या शिक्षणक्षेत्राचे वर्णन म्हणून आज कोणीही वाचावे. संस्था बऱ्याच वेळा एखादा विभाग, समिती किंवा पद्धत काम सुधारावे म्हणून उभारत नाही. समाज आणि सरकार यांना जे योग्य वाटते ते आपल्याकडे आहे हे दिसावे म्हणून उभारते. मग दिसणारी रचना एकीकडे आणि रोजचे काम दुसरीकडे असे दोघांचे धागे सुटतात, आणि दोन्हींमध्ये कोणी डोकावू नये याची सर्वजण मिळून काळजी घेतात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटले की महिनाभर वर्ग बाजूला पडतात, भिंती रंगतात, न झालेल्या बैठकांची इतिवृत्ते लिहिली जातात. २०१३च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक केली. तिच्या सदस्यांच्या नावांचा फलक जिन्याजवळ लावलेला असतो आणि त्या फलकाखालून रोज जाणाऱ्या मुलीला तक्रार कोणाकडे न्यायची ते ठाऊक नसते. येथे मिथकाचा अर्थ गोड दंतकथा असा राहत नाही. फलक लागला म्हणजे काम झाले, या सर्वांनी मिळून धरलेल्या समजुतीपायी एखाद्या मुलीचे शिक्षण सुटते. यात एकट्या प्राचार्यांना किंवा प्राध्यापकांना दोष देऊन भागणार नाही, कारण गुण देणारी, अनुदान देणारी, मान्यता देणारी यंत्रणाही फलकच मोजते. आणि संस्थापकांची जयंती? पुतळ्याला हार, पाहुण्यांचे भाषण, मुलांना उन्हात रांग. ज्या संस्थेत पंगत हा विधी होता तेथे हार हा विधी झाला, तर गाथेचा धागा कोठेतरी तुटला आहे हे मान्य केले पाहिजे.

प्रतीकांचा हा अभ्यास व्यवस्थापकांच्या हाती गेला तेव्हा त्याचे काय झाले, तेही आठवायला हवे. १९८२मध्ये अमेरिकेत कंपन्यांची ‘संस्कृती’ घडवण्यावरची पुस्तके धडाक्याने खपू लागली. कंपनीला नायक हवेत, समारंभ हवेत, कथा हव्यात, असे त्यांत सांगितले होते. त्याच वर्षी १८ जानेवारीला गिरणगावात संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. मागांची पूजा करणाऱ्या, गणपती आणि भजनी मंडळे चालवणाऱ्या, लालबाग-परळची स्वतःची अशी एक पूर्ण संस्कृती उभी केलेल्या त्या माणसांकडे व्यवस्थापनशास्त्राने संस्कृती म्हणून कधी पाहिले नाही. त्याच्या लेखी संस्कृती म्हणजे वरून खाली झिरपणारी गोष्ट.

ही खोड जुनी आहे. टेलर यांनी १९११मध्ये आपले शास्त्र मांडले ते एका गोष्टीच्या आधारे. बेथलेहेम पोलाद कारखान्यात १८९९मध्ये श्मिट नावाचा एक मजूर दिवसाला साडेबारा टन कच्चे लोखंड वाहत असे. शास्त्रीय पद्धतीने त्याला साडेसत्तेचाळीस टन वाहता येऊ लागले, आणि मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. हा माणूस बैलासारखा मठ्ठ होता म्हणूनच या कामाला योग्य होता, असेही टेलर सांगतात. त्याच पानांत ते सांगून जातात की तो कामाआधी सकाळी आणि कामानंतर संध्याकाळी स्वतःच्या छोट्या घराच्या भिंती बांधत असे. पुढे १९७४मध्ये दोन संशोधकांनी कागदपत्रे तपासली तेव्हा टेलर यांची कहाणी अनेक ठिकाणी वस्तुस्थितीशी जुळेना. त्या मजुराचे खरे नाव हेन्री नॉल. मिथकांना हद्दपार करायला निघालेल्या शास्त्राच्या उंबरठ्यावर एक मिथक बसले होते, आणि त्यात माणसाचे नावसुद्धा त्याचे नव्हते. दिवसभर लोखंड वाहून संध्याकाळी आपले घर बांधणारा माणूस मठ्ठ कसा, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या वर्गांत कित्येक दशके कोणी विचारला नाही. आजही आपल्या महाविद्यालयांत मास्लो यांच्या नावाचा गरजांचा त्रिकोण परीक्षेत काढावा लागतो. मास्लो यांनी १९४३च्या निबंधात तो काढलेला नाही. तो नंतर इतरांनी रचला.

मिथक समाजाची सनद असते असे मालिनोव्स्की यांनी १९२६मध्ये म्हटले. जे आहे ते असेच का असावे याचे समर्थन मिथक पुरवते. संघटनांच्या अभ्यासाने हा विचार उचलला, आणि त्यामुळे त्याची नजर बहुतेक वेळा प्रस्थापिताच्या बाजूने राहिली. महाराष्ट्राजवळ त्याआधीपासून दुसरा विचार होता. १८७३मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त पुराणकथा उलट्या बाजूने वाचल्या. वामनाच्या पायाखाली गेलेला बळी त्यांना न्यायी राजा दिसला, आणि खंडोबा, जोतिबा, म्हसोबा हे त्याच्या राज्यातले अधिकारी. पाश्चात्त्य विद्वानांना संघटनेत मिथक दिसले. फुल्यांना त्याच्या शंभर वर्षे आधी मिथकात एक राज्ययंत्रणा दिसली, आणि ती कोणाची होती व कोणी मोडली हा प्रश्न त्यांनी विचारला. हा इतिहास आहे की नाही यावर विद्वानांनी वाद घालावा. जी गोष्ट आपल्याला दाबायला सांगितली जाते ती आपण आपल्या बाजूने सांगू शकतो, हे त्यांनी शेतकऱ्याच्या मुलाला दाखवून दिले. काले येथे जमलेली सत्यशोधक माणसे फुल्यांच्या याच परंपरेतली होती. भटा-पुरोहिताचे मुहूर्त नाकारणाऱ्या मंडळींनी दसराच का निवडला असेल? सण लोकांचा होता आणि लोकांचा सण त्यांनी सोडून दिला नाही, असे आम्हाला वाटते. बळीचे राज्य येवो ही इच्छा या दिवसांत आजही घरोघरी बोलली जाते.

म्हणून रयतेची, किंवा कोणत्याही संस्थेची, गाथा फुल्यांच्या रीतीने वाचणे हीच त्या गाथेशी इमान राखण्याची रीत आहे. लक्ष्मीबाईंची कथा आपण त्यागाची म्हणून सांगतो. त्याच कथेत एका स्त्रीचे रोजचे श्रमही आहेत: किती मुलांचा स्वयंपाक, किती पाणी, कोणाच्या आजारपणात किती रात्री. मंगळसूत्र एकदाच दिले गेले. रांधणे रोज होते. पहिले कथेत टिकले कारण ते प्रतीक आहे. दुसरे टिकले नाही कारण ते काम होते. संस्थांच्या बहुतेक गाथा अशाच असतात, आणि म्हणून वसतिगृहाची स्वयंपाकीण, शिपाई, सुरुवातीला कित्येक महिने पगाराविना राहिलेला शिक्षक आणि शिक्षण अर्धवट सोडून गेलेला मुलगा यांना त्यांत जागा मिळत नाही.

हे भरून काढता येते. सातारा, कोल्हापूर, पुणे येथे विद्यापीठे आहेत, त्यांचे व्यवस्थापन विभाग आहेत, दरवर्षी शेकडो प्रकल्प अहवाल लिहिले जातात आणि बांधून कपाटात जातात. त्यांतले थोडे अहवाल तरी आपल्या वसतिगृहांवर, साखर कारखान्यांवर, पतपेढ्यांवर आणि बंद गिरण्यांच्या माणसांवर मराठीत लिहिले जावेत. १९५०च्या दशकात रयतेच्या वसतिगृहात राहिलेले विद्यार्थी गावोगाव आहेत. ‘कमवा आणि शिका’त खडी फोडताना बारा वर्षांच्या मुलाला काय वाटत असे, पंगतीत पहिल्या दिवशी कोणाशेजारी बसायला संकोच वाटला, भाकऱ्या कोण भाजत असे आणि तिचे नाव काय, कोण पळून गेला आणि का, हे त्यांना विचारून ध्वनिमुद्रित करून ठेवावे. जयंतीच्या मंडपाच्या खर्चात एका जिल्ह्याचे हे काम होईल. या मंडळींपैकी बहुतेकांनी आता ऐंशी ओलांडली आहे. विभागांनी ते याच वर्षी हाती घ्यावे.